बंद दारापुढे

माझा थोरला फौजेत दारं फोडायचा. खास तुकडी होती त्यांची. शत्रूच्या घरात शिरायचं झालं की पहिला हाच. छातीवर पदक लावलंय ते काही देखणा दिसतो म्हणून नव्हे. साथीदारांना बाहेर काढता काढता स्वतः शत्रूच्या हाती लागला आणि तीन वर्षांच्या वर त्यांच्या कोठडीत राहिला.

सुटून आला तेव्हा नुसती हाडं होती. ती मी भरून काढली. पण एक गोष्ट जाईना. बंद दार दिसलं की हा त्याच्यापुढे हात मागे बांधून उभा. दाराच्या मुठीला हात लावायचा नाही, कुणी उघडेपर्यंत हलायचा नाही. तिकडे दार उघडायचं ते पहारेकऱ्याने.

लेकरू ताटकळलेलं मला बघवेना. दिवसभर त्याच्यापुढे धावून मी दारं उघडायची. गुडघे कामातून गेले. शेवटी सुताराला बोलावून आतली दारंच उतरवली, न्हाणीला पडदा लावला. सुतार विचारायला लागला, आजी, घर विकताय का? म्हटलं, तू बिजागऱ्या काढ, चौकशा काढू नकोस. सून मात्र अडून बसली. त्यांच्या खोलीचं दार तिने काढू दिलं नाही. म्हणाली, नवराबायकोला आडोसा हवा. खरं होतं तिचं, पण मी काही तसं तोंडावर म्हणणार नव्हते.

परवा त्याचे मोठे साहेब आले. नव्या पोरांना शिकवायला हा जमेल का, ते डोळ्यांनी बघायला. नाही जमला तर कायमचा घरी बसवणार. घरी बसलेला पुरुष आतून किडतो. त्याच्या बापाचं मी बघितलंय.

आणि नेमकं वाऱ्याने त्या खोलीचं दार लागलं. हा आत. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. सगळ्यांनीच ऐकलं. साहेबांनी टोपी काढून मांडीवर घेतली. मी सवयीने उठले, मुठीला हात घातला, तर सुनेने माझं मनगट धरलं. एवढी हिंमत तिने कधी केली नव्हती.

"आई, तिकडेही असंच उघडायचे. न विचारता."

माझ्या घरात तोवर मी कुणाचं दार वाजवलेलं नव्हतं. घर माझं, दारं माझी. त्या दिवशी ते वाजवलं.

"अरे, साहेब आलेत. उघडू का?"

मग आतून म्हणाला, "नको."

आल्यापासून त्याने कशालाच नको म्हटलं नव्हतं. वाढलं ते खायचा, नेलं तिकडे जायचा. मी परत येऊन बसले. साहेब माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"नको म्हणतोय," मी म्हटलं. "चहा घ्या, निवतोय."

तो चहा संपला. दुसरा झाला. मग मूठ फिरली आणि तो बाहेर आला. कपाळावर घाम, सदऱ्याचं बटण चुकलेलं. पण सलाम असा ठोकला की साहेब कप हातात धरूनच उभे राहिले. त्यांनी विचारलं, पोरांना शिकवायला येशील का?

"विचार करून सांगतो, सर."

साहेब म्हणाले, सांग सावकाश, आम्ही थांबतो.

मी सुनेवर डाफरले, बघत काय उभी राहिलीस, त्याचाही चहा टाक. ती जागची हलली नाही. म्हणाली, आधी त्यांना विचारते, हवाय का.