सातव्या तारेचा दागिना

ऑर्डेलिया गिटारच्या डोक्याला भोक पाडत होती आणि तिची थोरली बहीण व्हर्लीन दारात चवळीच्या शेंगा सोलत बसली होती.

"अगं, नवीकोरी वस्तू ती! कॅटलॉगातून मागवलीस नि लगेच कान टोचायला बसलीस?"

"लेकीचे टोचत नाहीत का? दागिना घालायचाय तिला."

गिटार तशी स्वस्तातलीच. पोटावर जाळीदार पत्र्याचं झाकण, त्याखाली ॲल्युमिनियमची पातळ वाटी. तार छेडली की वाटी घुमायची, नि सूर कापसाची तीन शेतं ओलांडून मिसिसिपी नदीच्या पाण्यापर्यंत पोचायचा. सहा तारांची ही पोर ऑर्डेलियाला सात तारांची करायची होती. मोडक्या बँजोची एक खुंटी तिने नव्या भोकात बसवली. खाली तारा अडकवायच्या पट्टीला खिळ्याने सातवं छिद्र पाडलं, तारा टेकतात त्या घोडीवर कानशीने बारीकशी खाच केली. मग तिसऱ्या तारेच्या अगदी शेजारी, सवतीसारखी नव्हे, जुळ्या बहिणीसारखी, एक पातळ तार ओढली. जाड बहीण बोलायची, पातळ बहीण तेच वरच्या पट्टीत म्हणायची.

खोडी पुढेच होती. नव्या तारेला तिने तिसरीची जुनी खुंटी दिली, आणि तिसरीला नवी.

व्हर्लीनच्या हातातली शेंग थांबली. "हे माझ्या नवऱ्यासाठी ना?"

"भाऊजींनी गिटार मागितली तर मी नाही म्हणते का कधी?"

नाही म्हणण्याची सोयच नव्हती. उन्हाळ्यात दर शनिवारी गाव नदीच्या बंधाऱ्यावर मासे तळायला नि गायला जमे, आणि तिथे आणलेली गिटार सगळ्यांची, हा तिथला रिवाज. पण थॅडियस भाऊजींच्या मांडीवर कुठलीही गिटार एकदा बसली की मासे संपेपर्यंत उठत नसे, आणि कढई यायची ऑर्डेलियाच्या वाट्याला. चार उन्हाळे तिने मासे तळले होते. महिनाअखेरच्या शनिवारी मात्र मिस ऑगस्टा येणार होती. चौरस्त्यावरच्या तिच्या नाचघराला दर शनिवारसाठी वाजवणारं माणूस हवं होतं. त्या दुपारी कढईपाशी उभी राहिले तर जन्मभर कढईपाशीच, हे ऑर्डेलिया ओळखून होती. भाऊजींना सूर जुळेनासा झाला की ते वैतागून गिटार परत देतील, एवढाच तिचा बेत. तीन आठवडे ती सात तारांवर बोटं घोटत राहिली.

त्या शनिवारी बंधाऱ्यावर धूर चढला. मक्याच्या पिठात घोळलेले मासे तेलात तडतडू लागले. मिस ऑगस्टा पिवळी टोपी घालून खुर्चीत बसली, आणि थॅडियसने हात पुढे केला.

"आणा मेव्हणीबाई. तुमच्या हातात झारा शोभतो."

"घ्या भाऊजी. जपून हं, नाजूक आहे."

गिटार घेतली की थॅडियस आधी ती आपल्या पद्धतीने सुरात लावायचा, आणि तेही खुंट्यांकडे न बघता. नजर बायकांकडे, तोंड चालू, हात आपोआप. त्याने तिसरी तार छेडली, सवयीने तिसरीची जुनी खुंटी पिळली. ताण पातळ तारेला बसला, तिसरीचा सूर हलेना. पुन्हा पिळली.

"माझ्या वयाला आलं की गिटारही ऐकेनाशी होते," तो मिस ऑगस्टाला म्हणाला, आणि आणखी एक पीळ दिला.

टण्‌कन पातळ तार तुटली, नि सळसळत जाऊन त्याच्या मिशीवर बसली.

बंधारा हसून लोळला. "कढई! कढई!" सगळे ओरडू लागले. ज्याच्या हातून तार तुटेल त्याने कढई सांभाळायची, हाही तिथला रिवाजच. व्हर्लीनने स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या कमरेला फुलाफुलांचा एप्रन बांधला. गाठही दोनदा मारली.

गिटार ऑर्डेलियाच्या मांडीवर आली. आता सुटले, असं तिला वाटलं. पण पहिल्याच वळणावर बोट शेजारणीला शोधायला गेलं, आणि शेजारीण जागेवर नव्हती. सुराला भोक पडलं. पुढच्या वळणावर दुसरं. दुसरी पातळ तार जवळ नव्हती. मिस ऑगस्टाने टोपी सारखी केली, जणू निघायचंच.

"काय मेव्हणीबाई," धुरातून आवाज आला, "घशात काटा अडकला का?"

ऑर्डेलियाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिने पाय आपटून ताल धरला आणि कढईकडे बघत गळा मोकळा सोडला:

*पाव्हणा आला दारी, त्याने खुर्ची घेतली ओढून,*
*पाव्हणा आला दारी गं, त्याने खुर्ची घेतली ओढून,*
*बसू दे त्याला खुशाल, मी अंगणच नेते काढून!*

जिथे तार नव्हती तिथे गळा जायचा. हुंकार देऊन वरचा सूर धरायचा, नि बोटांच्या हाती परत द्यायचा. लोक टाळ्यांनी ताल धरू लागले. दुसरं कडवं तिने तिथल्या तिथे जुळवलं, त्यात एप्रनवरची फुलं आली. तिसऱ्यात मिशी आली. खुद्द थॅडियसचा झारा कढईच्या काठावर ताल देऊ लागला, आणि दोन मासे करपले.

गाणं थांबलं तशी मिस ऑगस्टा उठली. गिटार हातात घेऊन तिने तारा मोजल्या, मग खुंट्या मोजल्या. एकेका तारेचा बोटाने खुंटीपर्यंत माग काढत गेली. तिसरीपाशी थबकली, आणि ऑर्डेलियाकडे डोळे बारीक करून पाहत राहिली.

ऑर्डेलियाने मान खाली घातली. "उद्या सरळ करते, मिस ऑगस्टा."

"खबरदार हात लावशील तर! माझ्याकडे तुझ्या भाऊजींसारखे गिटार मागणारे अकरा येतात. शनिवारी ये, दिवेलागणीच्या आत. आणि त्या पातळ तारा डझनभर आण."

थॅडियस एप्रनला हात पुसत जवळ आला. "आता माझी पाळी ना?"

"हो तर, भाऊजी," ऑर्डेलिया म्हणाली. "अजून अर्धी टोपली मासे आहेत."