टिंब दिलेले शब्द

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि या क्षणी पाच वर्षांची एक मुलगी माझ्यावर बसली आहे. तिचे केस कापणे चालू आहे. मी खाली नसतो, तर तिचे डोके आरशात दिसलेच नसते. मित्रांनो, शब्दकोशाने अक्षरक्रम सोडू नये म्हणतात. पण माझी शिवण उसवली आहे. जे पान सुटेल ते वाचून दाखवतो.

मॉडेस्ट – मोठेपणा न मिरवणारा.

या शब्दाशेजारी शिसपेन्सिलीचे एक टिंब आहे. ते ताईने दिलेले. ताई एका मोठ्या कचेरीच्या जिन्याखाली टेबल टाकून बसायची आणि लोकांना इंग्रजीत अर्ज, शिफारसपत्रे लिहून द्यायची. मी कोरा करकरीत तिच्या हाती आलो. समोरचा माणूस बोलायचा आणि ती मला चाळायची. "मी आपला साधा माणूस," असे जवळजवळ प्रत्येक जण म्हणायचा. हा शब्द तिने एका पहारेकऱ्याला दिला.

डाउन-टू-अर्थ – पाय जमिनीवर असलेला.

हा दोघांना गेला आणि तिथेच बिनसले. दोन स्वयंपाक्यांची पत्रे एकाच साहेबापुढे पडली. "दोघांनी मिळून एकच सदरा शिवलाय का?" असे हसून त्याने दोन्ही परत धाडली. दोघांचीही नोकरी हुकली. ताईला ते फार लागले. त्या दिवसापासून तिने नियम केला: दिलेल्या शब्दाला टिंब द्यायचे आणि तो पुन्हा कुणालाही द्यायचा नाही.

लोक म्हणायचे, "ताईंचं पत्र म्हणजे अंगाचं माप घेऊन शिवलेलं." त्या कौतुकाने मीही फुगलो होतो.

अनअझ्युमिंग – आपल्याकडे लक्ष न वेधणारा. टिंब: एक सुईण.
इझीगोइंग – सहज जमवून घेणारा. टिंब: बसचा कंडक्टर.
अनप्रिटेन्शस – कसलाही आव न आणणारा.

हा माझ्यातला सगळ्यात चांगला शब्द. तो त्या हसणाऱ्या साहेबानेच नेला, स्वतःच्या निरोपाच्या भाषणासाठी.

……… –

इथे शब्द नाही. इथे ताईचा धाकटा भाऊ आहे.

तो न्हावी. त्याचे दुकान रस्ता रुंद करण्यात जाणार होते आणि एका जहाजावर न्हाव्याची जागा निघाली होती. पत्र शुक्रवारी पाचपर्यंत जहाज कंपनीच्या खिडकीवर पोचवायचे होते. त्यात एकच गोष्ट मुख्य होती: हा माणूस लोकांशी कसा वागतो? बहिणीकडे तो बुधवारी आला. बाहेरच्यांची पत्रे आधी व्हायची, घरचा माणूस काय, थांबतो. खुर्ची दुसऱ्याला देऊन तो जिन्याच्या पायरीवर बसला.

ताईने पानामागून पान उलटले. साधेपणाच्या एकूण एक शब्दाला टिंब होते.

"अगं ताई, टाक की त्यातलाच कुठला तरी."

"वापरलेला? सख्ख्या भावाला?"

"तुझ्या फ्रॉकांचे सदरे करून घातलेत मी. फुलाफुलांचे. तेव्हा नाही कुणाला वाईट वाटलं."

"तेव्हा मी लहान होते."

"मी अजून आहे. दे."

ती हसली नाही. तिने खोडरबर उचलला, एका टिंबावर टेकवला आणि तसाच खाली ठेवला. शुक्रवारी दुपारी ती मोठ्या वाचनालयात गेली. तिथे माझ्याहून जाड शब्दकोश होता. त्यात तिला कोणालाही न दिलेला शब्द सापडला म्हणे. पत्र घेऊन ती धावत पोचली, तेव्हा कंपनीची खिडकी बंद झाली होती. शब्द कोणता, ते तिने कुणाला सांगितले नाही. माझ्यात तो नाही.

भाऊ एवढेच म्हणाला, "जाऊ दे गं. तसंही मला बोट लागली असती, ओकतच बसलो असतो."

शेवटचे पान. हे कोरेच आहे.

दुकान पाडले. आता उरलेल्या भिंतीला खिळ्यावर एक आरसा आणि पुढे एक खुर्ची आहे. ताईने लिहिणे सोडले. मी तिच्या नजरेसमोर नको, म्हणून भावाने मला मागून घेतले, "हे जाडजूड मला दे, पोरं उंच होतील." तो हमालाला राजे म्हणतो, अधिकाऱ्यालाही राजेच म्हणतो आणि दोघांच्याही हातात साबणाची वाटी देतो: "धरा जरा." मी हे रोज बघतो. माझ्या निम्म्या पानांत याच्यासाठी शब्द आहेत आणि पाण्याने ती पाने एकमेकांना चिकटली आहेत.

मित्रांनो, मला पुन्हा कोणी उघडेल असे वाटत नाही. म्हणून विनंती माझ्यासाठी नाही. आपल्या माणसासाठी कोरा शब्द शोधत बसू नका. दहा जणांनी वापरलेला द्या, पण वेळेवर द्या. माणसाच्या अंगावर तो नवाच दिसतो. हे मला तेव्हा ताईला सांगता आले असते, तर! पण शब्दकोशाला बोलता येत नाही, फक्त उघडता येते.

"झालं, राणीसाहेब. उतरा."

मुलगी उतरते. तो मला उचलून दोनदा झटकतो. केस खाली पडतात, टिंबे राहतात.