ताईचा ब्रेल प्रिंटर

ताईला लहानपणापासून दिसत नाही. अंध विद्यार्थ्यांसाठी ती कुणाकडून तरी वाचून घेऊन पुस्तकं टाइप करायची आणि घरच्या ब्रेल प्रिंटरवर छापून द्यायची. प्रिंटर जुना, अवजड, फक्त सीरियल पोर्टवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीवर चालणारा. तिचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मी नवा आणून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली. नव्याला तसला पोर्टच नव्हता, म्हणून पोर्टचं वेगळं कार्ड आत बसवलं. कार्ड दिसत होतं, पण प्रिंटर ढिम्म हलेना. दोन तास डोकेफोड केली. घरात मी कॉम्प्युटरमधला तज्ज्ञ. "जमत नाही" हे तोंडातून निघेना.

"ताई, प्रिंटरच गेलाय गं," मी ठोकून दिलं.

"पुष्कळ वर्षं चालला बिचारा," ती म्हणाली, आणि छापायला घेतलेलं पुस्तक तिने परत करून टाकलं.

तीन महिन्यांनी तिने बोलावलं. टेबल अडतंय, प्रिंटर भंगारात देऊन टाक म्हणाली. त्याची वायर अजून प्लगमध्येच होती; तो उचलताना चुकून बटण दाबलं गेलं आणि खडखडाट करत चाचणीचं पान बाहेर आलं. ताई हात पुसत स्वयंपाकघरातून आली. पानावरून बोटं फिरवली.

"अरे, हा तर ठणठणीत आहे!"

मी प्रिंटर खाली ठेवला. "तो बिघडलाच नव्हता, ताई. मला कार्ड जमलं नाही. सांगायची लाज वाटली."

ती खुर्चीत बसली.

मी कॉम्प्युटर सुरू केला आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलेल्या, त्या दिवशी मी कंटाळून सोडलेल्या नोंदी वाचल्या. स्वच्छ लिहिलं होतं: पोर्टला जागा नाही. लिनक्सने चारच पोर्टांची जागा धरली होती, आणि ती बोर्डावरच्या नावापुरत्या पोर्टांनीच अडवली होती. कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या आदेशाच्या ओळीत मी चाराचे आठ केले. प्रिंटर छापू लागला. वीस मिनिटांचं काम.

"इतिहासाचं पुस्तक होतं ते," ताई म्हणाली. "एका मुलीला परीक्षेसाठी हवं होतं. शेजारीण वाचून दाखवेल तेवढाच तिचा अभ्यास. नापास झाली."

"ताई, मी खरंच..."

"मला नको, तिला सांग." तिने नंबर घडाघडा म्हणून दाखवला.

मी फोन लावला. ताईचं नाव सांगताच मुलगी आनंदाने म्हणाली, "अय्या, प्रिंटर दुरुस्त झाला?"

नुसतं "हो" म्हणून सुटता आलं असतं. मी सगळं सांगितलं.

"फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे," ती म्हणाली.

"पुस्तक पुन्हा मागवतो. छापून झालं की मी स्वतः आणून देतो."

"नको. टपालाने पाठवा," म्हणून तिने फोन ठेवला.