धक्क्यावरची दोन यंत्रं

तेव्हा मी नोकरीत नवी होते. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड किती शोषतो आणि किती परत सोडतो, हे मोजणारी दोन यंत्रं आम्ही जुन्या धक्क्याच्या टोकाला शेजारी शेजारी उभी केली होती. एक आमच्या संस्थेचं, माझ्या ताब्यातलं. दुसऱ्या संस्थेतून दुसरं घेऊन आलेली बाई माझ्याहून थोडी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायचे. कुठलं यंत्र भरवशाचं, एवढंच ठरवायचं होतं.

सकाळभर दोघींच्या रेघा संगणकावर जोडीने चालायच्या. दुपारी मात्र माझी रेघ उसळायची.

"तुझ्या यंत्राला जेवण अंगावर येतं वाटतं," ताई म्हणायची. मी चिडायचे. भिंगं पुसली, वायरी बदलल्या, पण फरक पडेना.

शेवटी एका दुपारी आम्ही धक्क्यावरच गेलो. माझ्या यंत्रालगत, वारा येतो त्या बाजूला, आमचे विभागप्रमुख सर कठड्याला टेकून बसले होते. त्यांचा श्वास वाऱ्याबरोबर थेट यंत्रात जात होता.

ताई हसू दाबत म्हणाली, "सांग ना त्यांना."

माझी जीभ रेटेना. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्यापासून सर डबा आणत नसत. आम्ही डबे उघडले की गुपचूप उठून जायचे. कुठे जातात, ते आज कळलं.

आम्ही तशाच परतलो. पण संध्याकाळी सरच खोलीत आले आणि संगणकाच्या पडद्यापाशी वाकले.

"हे रोज जेवणाच्या सुट्टीतच?"

ताईने मान डोलावली.

"अगं पोरींनो, हा तर मी!" ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. हसू थांबलं, पाणी थांबेना. ताईने खुर्ची पुढे केली.

"तेवढ्या नोंदी काढून टाका," जाताना ते म्हणाले.

त्या काढल्यावर दोन्ही यंत्रं छान जुळली. दुसऱ्या दिवसापासून ताई चार घास जास्तीचे आणू लागली. धक्क्याच्या दुसऱ्या अंगाला, यंत्रांना त्रास होणार नाही अशा जागी, आम्ही तिघं जेवायचो. काकू रोज विचारायच्या म्हणे, "आज तुमच्या समुद्राने काय खाल्लं?" हे सांगताना सर अगदी त्यांच्यासारखा आवाज काढायचे.

आता मोजणी तरंगत्या यंत्रांवरून होते. धक्क्यावर कुणाला जावं लागत नाही. ताईचा फोन आला की मात्र आम्ही दोघी हटकून त्या दुपारच्या जेवणांवर येतो, आणि सरांचा विषय निघाला की फोन लवकर ठेववत नाही.