गोमुखीतला मणी

पोथीवरून नजर वर गेली तेव्हा गोदाकाकूंच्या पायावरून मुंग्या चालल्या होत्या. देवापुढच्या साखरेच्या वाटीकडे निघालेली लाल मुंग्यांची रांग पाटाच्या कडेनं येऊन त्यांच्या अंगठ्यावर चढली होती आणि घोट्यापाशी पलीकडे उतरत होती. मला मुंग्यांचाच राग आला. चावतील म्हाताऱ्या माणसाला. पण काकूंनी पाय हलवला नाही. मनात म्हटलं, काय मन लागतं यांचं जपात! माझं तर डास गुणगुणला तरी अध्यायातून लक्ष उडतं.

आणि मी पुन्हा वाचायला लागले.

कोन गावाहून खांदा कॉलनीत या घरी यायला लागून मला फार दिवस झाले नव्हते. त्याआधी मी घरी डबे करून द्यायचे. पेशंट सांभाळायचं काम किशोरीताईंच्या ब्युरोनं शिकवलं, तेही पुतळ्यावर. कुशीवर कसं वळवायचं, चादर कशी बदलायची, सगळं. किशोरीताई आमच्याच गावाकडच्या. एक गोष्ट त्या रोज बजावायच्या, "घरात शिरलीस का पयला पेशंटचा हात हातात घ्यायचा. गरम हाय का थंड, तेवढा तरी कळतो. चहापाणी मागनं."

पण काकूंच्या घरी ते जमायचं नाही. त्यांचा चातुर्मासाचा नेम होता. मी यायच्या आत त्या अंघोळ उरकून सोवळं नेसायच्या आणि देवासमोर भिंतीला टेकून पाटावर बसायच्या. उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळ झाकायच्या त्या कापडी पिशवीत. माळा पूर्ण होईस्तोवर मौन, आणि तोवर कुणी शिवायचं नाही. त्यांच्या मुलीनं, दिपिकाताईंनी, हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला होता. खारघरहून, ऑफिसातून, आईवर लक्ष ठेवायला. काकू रोज काठीनं त्याच्यावर फडकं टाकायच्या. "देवापुढं बसलेल्या बाईकडे कुणी टक लावून बघू नये," हे त्यांचं म्हणणं. जप झाला की फडकं मी काढायचं.

गेल्या आठवड्यात निरांजन सरकवताना माझा पदर त्यांच्या खांद्याला लागला. काकू बोलल्या नाहीत. उठल्या, गिझरसुद्धा न लावता गार पाण्यानं पुन्हा अंघोळ करून आल्या आणि दिवसभर कुडकुडत राहिल्या. संध्याकाळी दिपिकाताई माझ्यावर चिडल्या. "संजना, जप होईपर्यंत तिला शिवू नको गं बाई! न्यूमोनिया झाला तर कोण निस्तरणार?"

म्हणून मी आले की पाय धुवायचे, भाताचा कुकर लावायचा आणि चटईवर बसून माझा अध्याय वाचायचा. माझाही श्रावणाचा नेम होता, रोज एक अध्याय, त्याशिवाय अन्न नाही. सकाळी घरून निघायच्या घाईत तो व्हायचा नाही, तर काकूच म्हणाल्या होत्या, इथं वाच. माझा आवाज मुळातच बारीक. त्या चेष्टा करायच्या. "देवाच्या कानात सांगतेस का गं? त्याला येत असेल ऐकू, मला नाही येत!"

मुंग्या पाहिल्यावर मी चार-पाच ओव्या वाचल्या असतील. मग शब्द दिसेनात, मुंग्याच दिसायला लागल्या.

"काकू," मी म्हटलं. मग जरा मोठ्यानं, "काकू, पायावर मुंग्या आल्यात."

मौनात असल्या तरी त्या भुवई उचलायच्या, नाहीतर डाव्या हातानं 'थांब' म्हणायच्या. काहीच झालं नाही. जप करताना त्यांच्या घशातून बारीक हुंकार यायचा, भरत आलेल्या हंड्यासारखा. तो येत नव्हता. कधीपासून येत नव्हता? आठवायला गेले, आठवेना.

मी जवळ सरकून खालून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे अर्धे उघडे, मांडीकडे लागलेले. खालचा ओठ सुटलेला. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. नुसता डोळा लागला असेल तर? पुन्हा गार पाणी, पुन्हा कुडकुडणं. देवाचं नाव घेत तशीच बसले. शेवटी पदराचं टोक हातात धरून मुंग्या झटकायला गेले आणि माझी बोटं त्यांच्या पावलाला लागली.

पाऊल फरशीसारखं गार लागलं.

मेलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं असं नाही. गावात पाहिलं होतं, पण दहा बायकांच्या मागून, पांघरूण घातलेलं, कुणीतरी रडत असताना. इथं कुणी रडत नव्हतं. पंखा फिरत होता आणि निरांजन छान तेवत होतं. आधी मनात काय आलं, तर आता मी शिवले, माझा अध्याय अपुरा राहिला. ते मनात आलं म्हणून स्वतःचीच लाज वाटली. आणि मग दुसरं आलं. मी आले तेव्हा काकू होत्या की नव्हत्या?

ब्युरोचा नियम म्हणून आधी किशोरीताईंना फोन लावला.

"काय झाला?"

"काकू गेल्या वाटतं."

"अगो बाई! कधी?"

"माहीत नाही. मी आले, कुकर लावला, वाचत बसले. त्या जपाला होत्या, म्हणून मी…"

"हात नाय लावलास? आमी काय शिकवला होता गो तुला? वाचत बसली म्हणे!" मग आवाज खाली आला. "ऐक. कॅमेरा हाय ना तिथं?"

"त्याच्यावर फडकं आहे."

"मग झाला तर. आत्ताच आले नि बघते तर अशा, असा सांगायचा. दुसरा एक शब्द नाय. तुझ्यावर येईल, माझ्यावर येईल, पोलीस येतील. कळला?"

मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. फोन ठेवला आणि दिपिकाताईंना लावला. 'गेल्या' हा शब्द तोंडातून निघेना. "ताई, काकू उठत नाहीत," एवढंच म्हणाले.

"उठत नाहीत म्हणजे? श्वास बघ! नाकाशी हात धर!"

मी धरला. पंख्याचा वारा कुठला आणि श्वास कुठला ते आधी कळेना. पण श्वास नव्हता.

"मी निघते. खालच्या डॉक्टरांना पाठवते. संजना, तिला सोडून जाऊ नकोस हं."

डॉक्टर चपला घालूनच देवापर्यंत आले. नळी लावली, डोळ्यांत बॅटरी मारली, मानेखाली हात घातला. "गेल्यात," म्हणाले. "फार वेळ नाही झालेला. पाठ अजून कोमट आहे. तुम्ही कधी आलात?"

"मगाशी," मी म्हणाले.

त्यांनी पुढं विचारलं नाही. पण तो 'मगाशी' खरा नव्हता, खोटाही नव्हता.

"आडवं करू यांना. तो हात काढा आधी पिशवीतून."

ते ओढणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा, ओढू नका." गोमुखीत हात घातला. आत काकूंचा अंगठा आणि मधलं बोट यांच्यामध्ये एक मणी होता, घट्ट नाही, नुसता टेकलेला. तिथपर्यंत त्यांचा जप झाला होता. माझ्या बोटांनी मी तो मणी धरला आणि मग त्यांचा हात हळूहळू बाहेर काढला. मौन नाही सुटलं, माळ नाही पुरी झाली, निदान जागा तरी हरवू नये.

मग सगळं डाव्या हातानं. डॉक्टरांना एका हातानं कसली मदत होणार? त्यांनीच काकूंना चटईवर निजवलं. खाली पेशंट बसलेत, परत येतो म्हणून गेले. मी डाव्या हातानं चादर ओढली, गॅस बंद केला, मुंग्यांची वाटी उचलून ठेवली. उजवा हात गोमुखीत, मणी चिमटीत. काकूंच्या उशाशी बसले.

बसले आणि वाक्य जुळवायला लागले. 'ताई, मी कुलूप उघडून आत आले आणि बघते तर…' वाक्य छान जुळत होतं. प्रत्येक वेळी आधीपेक्षा छान. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. काकू तर गेल्याच होत्या. पण चादरीतून त्यांची टाच बाहेर राहिली होती, आणि त्यावर मुंगी चावल्याचा लाल ठिपकासुद्धा नव्हता. मी सारखी तिकडेच बघत होते. जिन्यात पावलं वाजली की वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. दोनदा ती दुसऱ्याच कुणाची होती.

दिपिकाताई आल्या त्या पर्स खांद्यालाच ठेवून खाली बसल्या. आईच्या पायांवर डोकं टेकलं. रडल्या नाहीत, पाय चोळत राहिल्या, गरम करायचे असल्यासारख्या. मग मान वर करून भिंतीकडे बघितलं.

"फडकं अजून तसंच का गं कॅमेऱ्यावर?"

जुळवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. मी मणी घट्ट दाबला.

"काकूंनीच टाकलंय, रोजच्यासारखं," मी म्हणाले. "ताई, मी केव्हाची आलेय. काकू जपाला बसल्या होत्या, म्हणून मी अध्याय घेऊन बसले. अध्याय संपत आला होता. मुंग्या दिसल्या पायावर, तरी मी वाचत राहिले. मला वाटलं मन लागलंय त्यांचं. हात लावला नाही. त्या आधीच गेल्या होत्या का मी वाचत असताना गेल्या, मला माहीत नाही."

"काय?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला ऐकू येऊनसुद्धा पुन्हा सांगायला लावत होतं. मी पुन्हा सांगितलं.

"माणसाच्या पायावरून मुंग्या चालल्यात आणि तू पोथी वाचतेस?" त्या ओरडल्या. "तुम्ही दोघी आणि तुमचं सोवळं! कशाला ठेवली होती मी तुला इथं?"

गेल्या आठवड्यातलं त्यांचं बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. ते बोलून काकूंच्या पायावरची रांग काही मी पाहिली नाही असं होणार नव्हतं.

दिपिकाताईंनी पर्समधून मोबाइल काढला. "कॅमेऱ्याचा आवाज येतो यात, मागचासुद्धा," त्या म्हणाल्या. "फडकं टाकलं तरी येतो."

हे मला माहीत नव्हतं. काकूंनाही नसावं.

मोबाइल त्यांनी आमच्या दोघींच्या मध्ये, चटईवर ठेवला. आधी नुसता पंखा. मग कुलूप, माझ्या चपला, आणि मी, "काकू, आले हं." आणि त्याच्यामागून, बारीक, भरत आलेल्या हंड्यासारखा हुंकार.

काकू होत्या. मी आले तेव्हा होत्या.

दिपिकाताईंनी तोंडावर हात दाबला. पुढं नळ, कुकरचं झाकण, मग माझं वाचणं. हुंकार खाली चालूच. खालून एक मोटारसायकल गेली, तिच्या आवाजात बाकी सगळं बुडालं. ती गेल्यावर नुसती मीच उरले, एकेक ओवी शांतपणे म्हणत. मला माझ्या त्या शांत आवाजाची भीती वाटली. त्यांनी पुन्हा मागं नेऊन लावलं. मोटारसायकलच्या आधी दोघी. नंतर मी एकटी.

"हाक नाही मारली तिनं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मौन मोडायचं नव्हतं ना! हट्टी बाई." त्यांना हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. नाक पुसून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हात लावला असतास तर?"

"तर कळलं असतं," मी म्हणाले. "वाचल्या असत्या का ते देवाला ठाऊक. पण कळलं असतं."

मग त्या अगदी हळू, माझ्यासारख्याच बारीक आवाजात म्हणाल्या, "शिवू नको असं मीच सांगितलं होतं ना तुला?"

मी खाली बघत राहिले.

"बोल ना! मगाशी एवढं बोललीस, आता बोल."

"सांगितलं होतंत," मी म्हणाले. "पण मुंग्या मी पाहिल्या होत्या."

उद्यापासून माझ्या कामाचं काय, ब्युरोला काय सांगणार, मला विचारायचं होतं आणि विचारायची ती वेळ नव्हती. त्यांची नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली.

"पिशवीत हात का घातलायस?"

"काकूंचा मणी धरलाय. सोडला तर कुठपर्यंत आल्या होत्या ते कळणार नाही."

"किती राहिलेत?"

मी पुढचे मणी दुसऱ्या बोटांनी चाचपले. "थोडेच. माळ संपते तो मेरुमणी जवळ आलाय."

"मग तू पूर्ण कर."

"तुम्ही करा, ताई. तुमच्या आईचा जप आहे."

"मला नाही येत हे काही."

"अंगठा आणि मधलं बोट. अंगठ्याशेजारचं बोट लावायचं नाही."

त्यांनी गोमुखीत हात घातला. आत आमची बोटं एकमेकींत अडकली. त्यांची गरम होती आणि ओली.

"सापडला?"

"हा का?"

"हो, हाच."

त्यांनी नीट धरल्याची खात्री होईपर्यंत मी सोडला नाही. मग बोटं काढून घेतली आणि चादरीखालून काकूंचा हात शोधून हातात धरला. सकाळी आल्याबरोबर धरायचा होता तो. आता तोही थंड झाला होता. मी धरून बसले.