कॅप्टनचं मौनव्रत

झाकलेल्या पिंजऱ्यात काहीतरी धप्पकन पडलं, तेव्हा आमेर्ले केंकीच्या, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाच्या गोळ्याला मक्याचं पान गुंडाळत होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि पिंजऱ्यावरचं वस्त्र तिनं उचललं. तिचा पोपट, कॅप्टन, तळाशी आडवा पडला होता. पंख फाकलेले, मान उलटी वळलेली, पायाची बोटं आवळलेली. राखाडी अंग थडथड उडत होतं.

"येशू बाबा," ती पुटपुटली. शुक्रवार होता, तिचा उपासाचा वार. सकाळपासून तोंडात पाणीही गेलं नव्हतं, देवाचं नाव तेवढं होतं.

थोड्या वेळानं झटका ओसरला. कॅप्टननं एक डोळा उघडला, दांडीवर चढायची धडपड केली आणि पुन्हा खाली बसला, पिसं फुलवून, थंडी वाजल्यासारखा.

शेजारची कोर्कोई तिच्या मागोमाग आत आली होती. कमरेवर हात ठेवून ती पिंजऱ्यात डोकावली.

"मी म्हणत नव्हते? पोपट काही मौन धरत नसतो गं. बडबड्या गप्प झाला, की समजायचं त्याचं कुठेतरी दुखतंय. नवऱ्यांचंही तसंच असतं."

गेल्याच रविवारी चर्चच्या पायरीवर आमेर्लेनं चारचौघींना कौतुकानं सांगितलं होतं, की आमचा कॅप्टनसुद्धा यंदा व्रत पाळतोय.

तेशी गावात होमोवोच्या सणाआधी पवित्र मका पेरतात, आणि पेरणी झाली की गाव गप्प होतं. ढोल नाही, घंटा नाही, मयतालाही गाणं नाही. चर्चमध्ये भजनं होतात ती हलक्या आवाजात, टाळीसुद्धा बोटांनी. आमेर्ले बुधवार-शुक्रवार उपास करणारी, पहाटेची प्रार्थना न चुकवणारी बाई. पण ती याच मातीत जन्मली होती, आणि ही महिनाभराची शांतता तिच्या नेमांतलाच एक नेम होती. तिच्याकडून तो कधी मोडला नव्हता. अडचण होती ती कॅप्टनची.

तिचा नवरा अनांग चर्चमध्ये ढोल वाजवायचा. संध्याकाळी अंगणात बसून सराव करायचा तेव्हा पोपट त्याच्या गुडघ्याशी असायचा. बघता बघता कॅप्टनच्या गळ्यातून ढोल वाजू लागला, अगदी कातड्यावर हात पडल्यासारखा. अनांगची एक खोड होती. सगळा ताल चोख वाजवून शेवटचा ठोका त्याच्या हातून हमखास सुटायचा, आणि अख्खं चर्च हसायचं. कॅप्टननं ती चूकही जशीच्या तशी उचलली. अनांग जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याचा ढोल चर्चनं नेला, पुढे त्या जागी विजेवरचा संच आला. पण अनांगचा हात कॅप्टनच्या गळ्यात राहिला होता.

गेल्या वर्षी आवाजाच्या ऐन बंदीत, भर दुपारी कॅप्टननं ढोल धरला. वाड्यावस्तीवर पहारा ठेवणारी पोरं धावत आली, आणि पोपट पाहून हसत सुटली. एकजण मात्र हसला नाही. पुढच्या वर्षी सांभाळा, एवढंच म्हणून तो गेला. म्हणून यंदा मका पेरला त्याच दिवशी आमेर्लेनं पिंजरा आतल्या खोलीत नेला आणि अनांगचं खांद्यावर घ्यायचं जुनं वस्त्र त्यावर घातलं. पहिले काही दिवस वस्त्राखालून दबका ताल यायचा. मग तोही थांबला. आमेर्लेला भरून आलं. मुक्या जीवाला कळतं, म्हणत ती त्याला भाजलेल्या शेंगदाण्यांची जास्तीची मूठ घालू लागली.

आता त्याच वस्त्रात गुंडाळून, केंकीच्या टोपलीत घालून तिनं त्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बाहेर शेळ्या आणि कुत्री नंबर लावून बसली होती. डॉक्टर लार्येई धिप्पाड माणूस, पण पाखराला त्यांनी अंडं उचलावं तसं उचललं. काय खातो, विचारलं. शेंगदाणे, आमेर्ले म्हणाली. आणखी? केंकीचा तुकडा. आणखी? शेंगदाणे. ऊन मिळतं का, या प्रश्नावर तिनं सगळी हकिगत सांगितली. व्रताचा भाग सांगताना तिचा आवाज बारीक झाला.

डॉक्टरांनी आधी सुई टोचली. मग खुर्ची तिच्याजवळ ओढून बसले.

"आंटी, हे व्रत नाही झालं. हा उपास झाला. आणि तोही त्याला न विचारता घडवलेला."

मग त्यांनी सावकाश समजावलं. या राखाडी जातीच्या रक्तात कॅल्शियम फार लवकर कमी पडतं. शेंगदाण्यानं पोट भरतं, पण त्यात ते नावालाच असतं. शिवाय अंगावर ऊन पडलं नाही, तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. ते फार कमी झालं, की असे झटके येतात. सुईनं आजचं निभावलं. पुढचं तिच्या हातात. शेवग्याचा पाला, पामची लाल फळं, उकळून कुटलेली अंड्याची टरफलं, आणि चोच घासायला समुद्रफेस, म्हणजे माकूळ माशाचं किनाऱ्याला लागणारं कवच. सकाळचं कोवळं ऊन, तेही उघड्यावर; काचेआडचं उपयोगाचं नाही. पिंजऱ्याचा अर्धा भाग मात्र सावलीत हवा. त्यांनी औषधाची एक लहान बाटली दिली.

"हे सांगितलं तेवढंच. भक्तीनं दोन थेंब जास्त घालाल, तर तेही त्याला बाधेल."

"आणि उन्हात ठेवल्यावर त्यानं ढोल वाजवला तर?"

"तर मला कळवा. मी इथे नाचतो."

ती कसनुसं हसली. बंदी उठायला अजून अवकाश होता.

घरी जाण्याआधी ती नी ओकाय यांच्या दारात थांबली. गल्लीतले सर्वांत वडील, पुजाऱ्यांच्या घराण्यातले. पांढरं वस्त्र गुंडाळून, काठी मांडीवर आडवी ठेवून ते ओट्यावर बसले होते. तिनं खाली बसून, टोपली मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"बंदी सैल करणं माझ्या हातात नाही, आमेर्ले," ते शेवटी म्हणाले. "माझ्या आजोबांच्याही नव्हतं." ती उठायला लागली, तसे पुढे बोलले, "पण उन्हावर कुणी बंदी घातल्याचं मी ऐकलेलं नाही."

वाजला तर काय, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. केंकी पाठवशील तेव्हा मिरची वेगळी बांध, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेची प्रार्थना आटोपून तिनं पिंजरा अंगणात टांगला. मग दुखरा गुडघा ओढत समुद्रावर गेली. होड्यांच्या रांगेपलीकडे समुद्रफेसाची पांढरी, हलकी पानं वाळूत विखुरली होती. आयुष्यभर ती त्यांच्या बाजूनं मासळी आणायला गेली होती. आज पहिल्यांदा वाकली. कॅप्टननं मात्र पिंजऱ्याला बांधलेल्या त्या वस्तूकडे पाठ फिरवली. तेव्हा ती समुद्रफेस किसून लाल फळाला चोळून देऊ लागली. शेवगा कोर्कोईच्या कुंपणात होता. पाला तोडून देताना कोर्कोई रोज बडबडायची.

"माझ्या नवऱ्याला नाही मी कधी एवढं निवडून घातलं. उगाच नाही तो उपाशी पोटी पळून गेला."

झटका पुन्हा आला नाही. पायांत पकड आली. एके सकाळी कॅप्टन दांडीवर चढून बसला, आणि हळूहळू समुद्रफेसही कुरतडू लागला. पण गळ्यातून सूर नाही, शीळ नाही, काही नाही.

आमेर्लेला प्रार्थनेत शब्द सापडेनात. आवाज मागावा, तर बंदी मोडते. शांतता मागावी, तर ती आधीच पदरात पडलेली, आणि तीच तिला खात होती. जन्मभर तिला देवाजवळ काय मागायचं ते नीट ठाऊक असायचं. पुढच्या शुक्रवारी, रिकाम्या पोटी, गुडघ्यांवर बसून तिनं एकदाचं मागून टाकलं. एकदाच वाजू दे. दोष लागला तर मला लागू दे.

त्याच सकाळी ती अंगणात पानं भिजत घालत होती. नी ओकाय काठी टेकत गल्लीतून येत होते. कोर्कोई कुंपणाशी उभी होती. आणि कॅप्टननं पिसं झाडली, मान खाली घातली, आणि ढोल सुरू झाला. आधी खरखरीत, घसा बसल्यासारखा; मग भरीव, गोल, कातड्यावर तळवा पडावा तसा.

कोर्कोईनं तोंडावर हात ठेवला. आमेर्लेचा हात पिंजऱ्यावर वस्त्र टाकायला उठला, आणि वाटेतच थांबला.

नी ओकाय जागच्या जागी उभे राहिले. डोळे जमिनीकडे, काठी स्थिर. ताल चढत गेला, वळला, शेवटाकडे आला. तिघंही त्या अखेरच्या ठोक्याची वाट पाहत राहिले. तो आला नाही.

"अजून चुकतोच," नी ओकाय म्हणाले, आणि आपल्या वाटेनं निघून गेले.

आमेर्लेनं अनांगचं वस्त्र घडी करून खांद्यावर टाकलं. भिंतीशी असलेलं स्टूल ओढून पिंजऱ्याजवळ घेतलं आणि दुखरा पाय लांब करून तीही उन्हात बसली.