लाल जवळ्याचा आडोसा

मी पाय घासायचा दगड बोलतोय. हो, मोरीच्या कोपऱ्यात पडलेला असतो तोच. माझ्याकडे कुणी मुद्दाम बघत नाही, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. दगडाला घाई कसली?

मी मूळचा आंदर मावळातल्या एका ओढ्यातला. रंगानं काळा, अंगभर भोकं. टाकवे बुद्रुकच्या नंदाबाई नवी नवरी होत्या, तेव्हा धुणं धुताना त्यांचा पाय माझ्यावर पडला. त्यांनी मला उचललं, टाच घासून बघितली आणि ओच्यात घालून घरी आणलं. मग माझं सारं आयुष्य पायांशी गेलं. भाताची लावणी चालली की घरातल्या बायकांच्या टाचांना भेगा पडत. संध्याकाळी मोरीत बसून त्या मला सावकाश फिरवत आणि दिवसभराचं एकमेकींना सांगत. मी ऐकत असे.

पुढं मोरीत गुळगुळीत फरशी बसली. तिला चरे पडतील म्हणून मला मागल्या दारी, पागोळीखाली ठेवलं. तिथं कितीतरी पावसाळे माझ्या अंगातून पाणी गेलं. एक बेडूक माझ्याखाली राहायला होता. स्वभावानं बरा होता.

नंदाबाईंचा मुलगा अमृत तळेगावला कंपनीत जातो. त्याला नाद लागला बारक्या कोळंबीचा. नखाएवढी ती, ना धड गोड्या पाण्यातली ना समुद्रातली. तिला निमखारं पाणी लागतं. लोणावळ्याच्या अरुंधतीताईंना हाच नाद; त्यांनी आपल्यातली थोडी ह्याला दिली होती. अमृतनं त्या कोळंबीची रंगावरून वाटणी केली. लाल एका बरणीत, फिकट दुसरीत. दर पिढीला लालच तेवढी निवडत गेलं की एक दिवस वाळल्या मिरचीसारखी जात निघेल, असा त्याचा बेत. रंग उठून दिसावा म्हणून लाल बरणीच्या तळाला त्यानं पांढरी वाळू अंथरली.

झालं उलटंच. ती कोळंबी फिकी पडायला लागली आणि अंडी काही धरीना. एकेक म्हातारी होऊन जात होती. मोजकीच उरली. ही संपली की अमृतच्या मनातली लाल जातही संपली. तो कामावरून आला की आधी बरणीपुढं बसून उरलेली मोजी.

"एवढ्या जवळ्यात भाकरीचा एक घासबी व्हायचा न्हाई," नंदाबाई एकदा म्हणाल्या. "आन् त्येच्यासाठी पाणी खारवत बसतुयास."

"आई, खायाची न्हाईत ती."

"मग काय लगीन लावायचंय त्यांचं?"

"त्येच तर लागंना."

नंदाबाई हसल्या, पण पोराचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर त्या मागल्या दारी आल्या. मला खळबळून धुतलं आणि लाल बरणीत अलगद सोडलं. "अंड्यावरची कोंबडीबी डालग्याखाली गप ऱ्हाती," त्या पुटपुटल्या. "ह्यांना उघड्यावर बसवलंय."

मी तळाशी टेकलो आणि सगळी कोळंबी पांढरीफटक पडून काचेला चिकटली. मला एकदम आठवलं, मी मोरीतला दगड. माझ्या पोटात केवढा साबण गेलाय. तो अजून असला तर?

अमृत आला तेव्हा त्याच्याही तोंडून तेच निघालं. "आई, ह्यो पाय घासायचा दगड? साबण असतुय ह्यात. सगळी मरतील."

"लय पावसाळं पागोळीखाली व्हता त्यो. साबण कवाच वढ्याला गेला."

"आन् न्हाई गेला तर?"

अमृतनं बरणीत हात घातला.

"थांब," त्या म्हणाल्या. "एक आत शिरलंय त्येच्या. वढलास तर चेंगरंल. नवी सून घरात आली की तिचंबी तोंड उतरल्यालंच असतंय की."

अमृतनं अरुंधतीताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "घाबरली की रंग सोडतात रे ती. आता हात घालून आणखी घाबरवू नकोस. उद्या बघ."

थांबणं हे माझं जन्माचं काम. पण त्या वेळी मला थांबवेना.

उजाडल्यावर आत शिरलेली ती बाहेर आली आणि माझी पाठ खुडू लागली. मग दुसरी आली. माझ्या काळ्या अंगावर त्यांचा रंग हळूहळू चढत गेला. पुढं एक कोळंबी माझ्या सगळ्यात खोल भोकात जाऊन बसली ती हलेचना. तिच्या पोटाखाली गर्द लाल अंड्यांचा घोस होता.

पिल्लं सुटली तेव्हा मायलेक दोघंही बरणीपुढं होते. डोकं खाली करून तरंगणारे नुसते ठिपके. अमृतनं भिंग लावलं.

"काय दिसतंय?" नंदाबाईंनी विचारलं.

"थोडी तांबूस वाटत्यात. थोडी पार फिकी हायेत. ती येगळी काढाया लागतील."

"आदी जगू तर दे. रंग मग बघू."

अमृतनं हातातली जाळी खाली ठेवली. ती अजून तिथंच आहे. माझ्या अंगावर आता हिरवं शेवाळ धरलंय आणि त्यावर लाल, फिकट सगळी एका पंगतीला चरतात.

तुम्ही टाकव्याला आलात तर बघायला जरूर या. काचेवर टिचक्या मात्र मारू नका, आणि बोलणं जरा हळू असू द्या. माझ्या पोटात बाळंतिणी आहेत.